चार दरवाजे आणि एक घड्याळ

लोहगड म्हणजे पुण्या-मुंबईच्या ट्रेकर्सची बालवाडी! लोणावळा लोकल पकडायची, मळवलीला उतरायचं, भाजे गावातून वर चढत गायमुख खिंड गाठायची. डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड. पुढे लोहगडवाडी आणि तिथून थेट पायऱ्या.

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही पाच जणांनी गड दीड तासात चक्क उरकला. विंचूकाट्याच्या सोंडेवर ग्रुप फोटो, पवना धरण मागे घेऊन सेल्फी, की चला खाली! जुलै २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक, हे मी स्टेटसला टाकलंही होतं. बघितलं काय, विचारू नका.

वाडीत पिठलं-भाकरीवर ताव मारत होतो. शेजारच्या बाकावर साठीपुढचे एक काका-काकू. काका सारखे आपल्या रिकाम्या मनगटाकडे बघत होते. ‘‘घड्याळ पडलं वाटतं वर कुठेतरी. पट्टा जुना झाला होता,’’ ते म्हणाले. ‘‘जाऊ दे. जुनं एचएमटी होतं.’’

‘‘जाऊ दे काय?’’ काकू म्हणाल्या. ‘‘आमच्या लग्नात बाबांनी घातलेलं. बाबाही आता गेले.’’ काकांचे गुडघे पुन्हा चढायला तयार नव्हते. नारायण दरवाजात वेळ बघितल्याचं त्यांना आठवत होतं, पुढचं काही नाही.

चार वाजले होते. आमची लोकल, सोमवारची डेडलाइन, सगळं डोळ्यांसमोर आलं. पण मी आणि माझी मैत्रीण उठलोच. ‘‘काका, तासाभरात आलो!’’

सकाळी धावत चढलेल्या त्याच पायऱ्या आता एकेक करून तपासत निघालो. आणि गंमत म्हणजे, गड तेव्हा कुठे दिसायला लागला. गणेश दरवाजा ओलांडला की वाट वळते, मग नारायण, मग हनुमान, मग महादरवाजा. प्रत्येक वळणावर मान वर केली की डोक्यावर बुरूज. म्हणजे शत्रू पहिल्या दरवाजातून आत आला तरी पुढची सगळी वाट तो वरच्यांच्या माऱ्यात! सकाळी हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

नारायण दरवाजा नाना फडणवीसांनी बांधलेला. तिथे भात आणि नाचणी साठवायचं भुयार आहे. मोबाइलच्या उजेडात आत डोकावलो. घड्याळ नव्हतं, पण गड लढवायला तलवारीइतकंच धान्यही लागतं हे डोक्यात शिरलं. १६६५च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत लोहगड होता, १६७०मध्ये तो परत जिंकला. त्या मावळ्यांनाही हीच वळणं चुकवावी लागली असतील, असा विचार पहिल्यांदाच आला.

हनुमान दरवाजाही झाला. कडेचं गवत चाचपून हात खरचटले. उन्हं तिरपी झाली. ‘‘सोडू या का?’’ मैत्रीण म्हणाली. ‘‘महादरवाजापर्यंत जाऊ, मग परत,’’ मी म्हटलं.

महादरवाजाच्या आत एका कोनाड्यात, एका सपाट दगडावर ते ठेवलेलं होतं! पट्ट्याची पिन निघालेली, काच शाबूत. कुणा वाटसरूला सापडलं असणार. खिशात न टाकता, पायाखाली येऊ नये म्हणून त्यानं ते नीट उचलून ठेवलं होतं. त्या अनोळखी माणसाला मनोमन सलाम ठोकला आणि धूम खाली सुटलो.

काकांनी घड्याळ कानाला लावलं, मग हळूच चावी दिली. बोलले काहीच नाहीत. काकूंनीच आमच्या हातावर तिळाच्या वड्या ठेवल्या. आमची लोकल अर्थातच चुकली. ‘‘पोरींनो, गाडीत बसा,’’ म्हणत काकांनी आम्हा दोघींना मळवली स्टेशनवर सोडलं. बाकीचे तिघं आधीच पुढे निघाले होते.

तुम्हीही या वीकएंडला लोहगडला जाच. पाणी, टोपी आणि बरे बूट घ्या, कचरा परत आणा. आणि एक करा. काहीतरी हरवलंय असं समजून चढा. दुप्पट वेळ लागेल, पण गड सापडेल!