रॉकेलचा वास

लोणी काळभोरची संध्याकाळ आधी नाकाला कळते. तेल डेपोंच्या बाहेर टँकरची रांग लागलेली असते. वारा पडला की डिझेल-पेट्रोलचा वास खाली बसतो आणि वस्तीत घुटमळत राहतो. थेऊरचा यशवंत कारखाना चालू होता तेव्हा त्यात मळीचा आंबूस वास मिसळायचा, तो कारखान्याबरोबर गेला. उन्हाळ्यात मुळा-मुठेचाही वास येतो, त्याबद्दल न बोललेलं बरं. पाहुणा नाकाला रुमाल लावतो. आम्हाला मात्र गावाबाहेर चार दिवस गेलो की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

या गर्दीतून रॉकेल तेवढं वेगळं काढणारा एक माणूस आमच्या आळीत होता. अण्णा. हवाई दलात इंजिन फिटर होते. ओट्यावर बसल्या बसल्या मान वर करून म्हणायचे, "गेला बघ, रॉकेलचा टँकर." जेट विमानाचं इंधन म्हणजे शेवटी फार निगुतीनं शुद्ध केलेलं रॉकेलच. तरुणपणी रजेवर घरी आले की त्यांची आई कपडे वेगळे भिजवायची आणि विचारायची, "देशाची चाकरी करतोस का रेशनच्या दुकानात बसतोस?"

चाकरी लोहगावला. लोणीहून तसं जवळ: मांजरीपाशी नदी ओलांडायची आणि वाघोलीच्या अंगानं जायचं. आमच्या भागातल्या जुन्या माणसांना लोहगाव ठाऊक होतं ते तुकोबांचं आजोळ म्हणून. आषाढी वारीत तुकोबांची पालखी आमच्याकडे मुक्कामाला येते, त्यामुळे आजोळाशीही आमचं नातं लागतंच. त्या आजोळाच्या माळावर इंग्रजांनी 1939 साली विमानतळ उभारला आणि अभंगाच्या गावावरून विमानं घोंघावायला लागली.

अण्णांच्या लढाईची गोष्ट सुरू व्हायची ती पानशेतपासून. 1961 हे साल आमच्याकडे तसंच मोजतात. 12 जुलैला पानशेत आणि खडकवासला फुटलं. पुण्याचा संसार वाहत आमच्या नदीतून खाली गेला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लोहगावला रजा बंद झाल्या. एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो मोहिमेची सूत्रं घेऊन आले आणि धावपट्टीच्या कडेला कॅनबेरा विमानं ओळीनं उभी राहिली. कुठे जायचंय ते फिटरला कोण सांगणार? पण चहाच्या टपरीवरच्या पोऱ्यालाही 'गोवा' एवढं कळलेलं होतं.

कॅनबेरा म्हणजे दोन इंजिनांचं इंग्रजी बनावटीचं बॉम्बफेकी विमान. 1957 साली आपल्याकडे आलं आणि पुढे 50 वर्षं टिकलं. ते सुरू व्हायचं काडतुसानं. धाड्‌दिशी आवाज, इंजिनाच्या पोटातून काळ्या धुराचा लोट, मग बारीक शीळ, आणि ती शीळ वाढत वाढत छातीत बसायची. अण्णा हे सांगताना आवाज काढून दाखवत. घरातली लहान मुलं तेवढ्यासाठीच त्यांच्याकडे यायची. थंडीत लोखंडी पाना हाताला चावतो, हातमोजे घातले तर नटाची पकड कळत नाही, म्हणून उघड्या हातांनी काम. बॉम्ब चढवणारे वेगळे, विजेच्या तारा बघणारे वेगळे, सांगाड्याचे रिगर वेगळे. शेवटी ज्यानं त्यानं 700 नंबरच्या फॉर्मवर आपापली सही करायची. "वैमानिक त्या सहीवर बसून उडतो," अण्णा म्हणायचे. मला ते वाक्य थोडं पाठ केल्यासारखं वाटायचं. पण सही करताना एकदा हात थांबला होता आणि पुन्हा शिडी लावून झाकण उघडून पाहिलं होतं, हे त्यांनी सांगितलं तेव्हा ते पाठ केलेलं नव्हतं. झाकणाखाली सगळं नीटच होतं.

18 डिसेंबरच्या पहाटे विंग कमांडर मेनन यांच्या नेतृत्वाखाली 12 विमानं गेली. चाकांखालचे ठोकळे ओढून घेतले, लाल फिती बांधलेल्या पिना वर धरून वैमानिकाला दाखवल्या, हात हलवला. इथे जमिनीवरच्या माणसाचं युद्ध संपतं आणि दुसरंच काहीतरी सुरू होतं. जिथे क्षणापूर्वी कानाचे पडदे फाटत होते तिथे कुत्र्याचं भुंकणं ऐकू येतं. सांडलेलं तेल पुसायचं, पाने मोजून ठेवायचे. एक कमी भरला तर तो इंजिनात राहिलाय असंच धरायचं. त्या दिवशी अण्णांनी पाने तीनदा मोजले. आभाळाकडे कुणी बघत नव्हतं. म्हणजे सगळे बघत होते, पण एकमेकांच्या नकळत.

विमानं परत आली. मोजली, बाराच्या बारा. नंतर आणखी आठांची तुकडी जाऊन आली. पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या गोव्यात, दाभोळीच्या धावपट्टीवर पहिल्याच फेरीत 63,000 पौंडांचे बॉम्ब पडले होते. विमानतळाच्या इमारतीला धक्का लावायचा नाही असा हुकूम होता, त्यामुळे ती आणि तिथे उभी असलेली दोन प्रवासी विमानं शाबूत राहिली. 19 तारखेच्या रात्री पोर्तुगीज गव्हर्नर शरण आला. आपलं एकही विमान गेलं नाही. इतिहासात हे प्रकरण दोन ओळींत आटपतं.

अण्णांचं मात्र इथून पुढे रंगायचं. कारण त्या शाबूत राहिलेल्या दोन विमानांनी 18 च्या रात्री गंमत केली. पोर्तुगिजांनी धावपट्टीचा बरा राहिलेला तुकडा अंधारात घाईघाईनं डागडुजी करून घेतला, आणि एक सुपर कॉन्स्टेलेशन आणि एक डीसी-4, दोन्ही समुद्रावरून खालून खालून उडत कराचीला पोहोचली. आपल्या बाजूला ही नामुष्कीच. पण अण्णा ते सांगताना खुलायचे. "रातोरात खड्डे बुजवले रे गड्यांनी! कंदील घेऊन बुजवले असतील." ते कंदील अण्णांच्या पदरचे, मला खात्री आहे. शत्रू कुठे बसतो, त्याचं तोंड कसं असतं हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पण मध्यरात्री वाकून खडी दाबणारा माणूस त्यांना स्वच्छ दिसत होता. तो त्यांच्या जातीचा होता. वैमानिकांची जात वेगळी.

म्हणूनच 1971 च्या लढाईतलंही त्यांना भुजच आवडायचं. तिथल्या हवाई तळाचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक, म्हणजे आपलाच मराठी माणूस. पाकिस्तानी बॉम्बनी धावपट्टी उखडली तेव्हा शेजारच्या माधापर गावातल्या सुमारे 300 बायांनी 72 तासांत ती पुन्हा जोडून दिली. भोंगा झाला की झुडपांत पळायचं, थांबला की पुन्हा पाट्या उचलायच्या. वरून दिसू नये म्हणून धावपट्टीवर शेण फासलं. हे ऐकून अण्णांच्या बायको, आमच्या काकू, आतून म्हणाल्या होत्या, "सारवणच की! त्यात काय शिकायचंय?" त्यावर अण्णांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

निवृत्तीनंतर ते शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करून द्यायचे, बहुतेक वेळा फुकट. काम झालं की गोणपाटावर पाने ओळीनं मांडून मोजायचे. मोटार सुरू झाली, पाणी पडायला लागलं, मालक खूश होऊन चहाला बोलावतोय, तरी यांची मोजणी चालूच. एकदा बारा नंबरचा पाना सापडेना. त्यांनी चालती मोटार बंद करायला लावली. पाना शेवटी उसाच्या सरीत निघाला. मालक हसला, अण्णा हसले नाहीत.

लोहगावहून आता सुखोई उठतात. आवाज नदी ओलांडून येतो, आमच्या खिडक्या थरथरतात, चर्चा थांबते आणि विमान गेल्यावर वाक्य जिथे तुटलं तिथून पुढे चालू होतं. त्याच धावपट्टीवरून सुट्टीत माणसं गोव्याला जातात, आणि दाभोळीच्या त्याच धावपट्टीवर उतरतात. अण्णांचा नातू पहिल्यांदा गेला तेव्हा त्यानं उतरल्या उतरल्या घरी फोन केला. समुद्र कसा दिसला, खिडकीची जागा मिळाली, असं सगळं सांगून झालं. अण्णांनी फोन मागून घेतला.

"उतरताना गचका बसला का रे?"

"नाही आजोबा. का?"

"काही नाही. बरी बुजवलीय म्हणायची," म्हणाले, आणि फोन काकूंच्या हातात दिला.