शेवटची गाडी आणि नांदेडचा प्लॉट

चुडाव्यात कुणालाही जिल्हा विचारा, परभणी सांगतील. बाजार विचारा, नांदेड. दवाखाना नांदेड, कॉलेज नांदेड, लग्नाचा बस्ता नांदेड, मोबाइलचा डिस्प्ले फुटला तरी नांदेड. तहसीलचं काम पूर्णेला आणि कलेक्टर ऑफिसचं परभणीला, तेही वर्षातून एकदोनदा. नकाशात जिल्ह्याची रेघ आमच्या आणि नांदेडच्या मधून जाते. माणसं ती रोज ओलांडतात आणि कुणाला ती जाणवतही नाही. बसला मात्र ती दिसते.

एसटीचे विभाग साधारण जिल्ह्यांप्रमाणे आहेत. परभणीचा वेगळा, नांदेडचा वेगळा. (1999 मध्ये हिंगोली वेगळा जिल्हा झाला, पण तिथली आगारं परभणी विभागातच राहिली. सरकारी रेघा अशा एकमेकींवर नीट बसत नाहीत.) प्रत्येक विभाग आपापल्या गाड्या, ड्रायव्हर, डिझेल यांचा मेळ घालतो. या मेळात सीमेवरचं गाव दोन्हीकडून शेवटचं असतं. गाडी कमी पडली की आधी टोकाची फेरी जाते, मधली टिकते. यात कुणाचा दुष्टपणा नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सर्व्हर अपुरे पडले की ज्या सर्व्हिसला कमी ट्रॅफिक ती आम्हीही आधी बंद करतो. फक्त आमची सर्व्हिस बंद झाली तर संध्याकाळी कुणी पोरगी फाट्यावर उभी राहत नाही.

माझी मावशी चुडाव्यापासून आत, फाट्यावरून चार किलोमीटरवरच्या एका गावात राहते. तिची मुलगी यंदा बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला नांदेडला बीएस्सी करायचंय, मायक्रोबायोलॉजी घेऊन. प्रॅक्टिकल संपायला पाच वाजतात, कधी साडेपाच. त्यानंतर फाट्यापर्यंत यायला काही ना काही मिळतं. काळी-पिवळी असते, ॲपे असतो, वेळ जुळली तर पॅसेंजरही असते, कारण पूर्णा-नांदेड लाइनवर चुडाव्याला स्टेशन आहे. प्रश्न शेवटच्या चार किलोमीटरचा. अंधार पडल्यावर दोन्ही बाजूंनी ऊस असलेल्या त्या रस्त्यावर काहीच चालत नाही.

बारावीपर्यंत हा प्रश्न सरकारने डोक्यात घेतला होता. ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेसाठी अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या 125 मागास तालुक्यांना शाळकरी मुलींसाठी निळ्या बस मिळाल्या. या दोन योजनांनी किती मुलींची दहावी आणि बारावी वाचवली असेल, याचा अंदाज खेड्यात राहिलेल्यालाच येईल. पण सरकारच्या डोक्यातली मुलगी बारावीत थांबते. पुढे तिला विद्यार्थी पास मिळतो, 66.67 टक्के सवलतीचा. पास हातात असतो, फक्त गाडी तिच्या वेळेला नसते.

मावशीच्या घरी यावर जो उपाय निघाला, त्यासाठी मी हा लेख लिहितोय. काका म्हणाले, "नांदेडात प्लॉट घेऊ. दोन खोल्या टाकू. हिची माय राहील हिच्याजवळ."

"आणि पैसे?"

"रस्त्याकडचं एकर काढतो."

त्यांच्याकडे एकूण साडेतीन एकर आहे.

मी विचारलं, "काका, एका बससाठी एकर विकता का?"

"मग काय करू? तू सांग. पोरीला घरी बसवू?" मग थोडं थांबून म्हणाले, "आपल्या गल्लीतले चार जण गेलेच की. सगळे लेकरांच्या शिक्षणापायी."

नांदेडच्या कडेने गेल्या काही वर्षांत जे प्लॉटिंग झालं, त्याबद्दल आपण 'शहर वाढतंय' म्हणून मोकळे होतो. एनए झालेलं शिवार, मुरमाचे रस्ते, सिमेंटचे खांब, फ्लेक्सवर कारंजं. पण ते घेणारे कोण आहेत हे बघा. त्यातले कितीतरी माझ्या काकांसारखे आहेत. त्यांना शहरात राहायची हौस नाही. शेत गावात आहे, म्हैस गावात आहे, आईबाप गावात आहेत. त्यांना शहरात संध्याकाळी सहानंतरचे दोन तास हवे असतात, आणि ते मिळवायला अख्खं घर विकत घ्यावं लागतं. घर दोन ठिकाणी, चूल दोन ठिकाणी, नवराबायको दोन ठिकाणी. घरांची ही जी मागणी दिसते, तिच्यातला एक हिस्सा न येणाऱ्या बसने तयार केलाय असं माझं मत आहे. बिल्डर याला लोकेशन ॲडव्हान्टेज म्हणतो.

सरकारी घरकुलाचंही असंच. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात घरकुलाला 1 लाख 20 हजार मिळतात आणि घर किमान 269 चौरस फुटांचं लागतं. ज्याला जागाच नाही त्याला जागा घ्यायलाही मदत आहे. आधी ती 50 हजार होती, नंतर 1 लाखापर्यंत वाढली. एवढ्या पैशात जागा मिळते ती रस्त्यापासून लांबची, कारण रस्त्याकडचा दर वेगळाच असतो. म्हणजे ज्याच्याकडे मोटारसायकल नाही, त्याचंच घर फाट्यापासून सगळ्यात लांब पडतं. अर्जात आधार, जॉबकार्ड, बँक पासबुक सगळं मागतात. या घरापासून गाडी किती लांब, असा रकाना नाही.

पुण्यात मी राहतो तिथेही तो नाही. 2020 साली राज्याने जवळपास सगळ्या शहरांसाठी एकच बांधकाम नियमावली आणली. त्यात फ्लॅटच्या चटईक्षेत्रावरून किती कार नि किती दुचाकींची जागा सोडायची, याचं कोष्टक आहे. वाघोलीसारखी गावं ग्रामपंचायत असतानाच टॉवरांनी भरून गेली. 2021 मध्ये ती महापालिकेत आली, तोवर प्रत्येक घरात दोन गाड्या आल्या होत्या. आता तिथे ट्रॅफिकवर मीम बनतात. फरक इतकाच की पुण्याच्या कडेला राहणाऱ्याकडे शिव्या घालायला पीएमपी आहे, महापालिका आहे. महापालिकेला कायद्यानेच स्वतःची बस चालवता येते. जिल्हा परिषदेच्या कामांत असं खातंच नाही. ग्रामपंचायत जास्तीत जास्त ठराव करते. ठराव आगारात जातो, आगारातून विभागात, आणि तिथे गाड्याच कमी असतात.

गाड्या खरंच कमी आहेत. कोविडच्या आधी एसटीकडे 18,000 च्या वर बस होत्या, नंतर आकडा 15,000 च्या आसपास आला. मधे 2021 च्या ऑक्टोबरअखेरपासून 2022 च्या एप्रिलपर्यंत संप चालला. शासनात विलीनीकरण करा, ही कर्मचाऱ्यांची मागणी होती. संपावर मत काही असो, त्या सहा महिन्यांत खेड्यातल्या माणसाने बसची सवय सोडली. ज्याला जमलं त्याने हप्त्यावर मोटारसायकल घेतली. मग सरकारने सवलती वाढवल्या. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना मोफत प्रवास, 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट. माझी आजी मोफतवाल्या वर्गात बसते आणि त्या जोरावर तिने देवदर्शनाचा धडाका लावलाय, त्यामुळे सवलतींवर मी काही बोलणार नाही. पण सवलत मिळते ती गाडीत चढल्यावर.

आमच्या मराठवाड्यात ही गोष्ट एकेकाळी वेगळ्या पद्धतीने चालायची. निजामाच्या संस्थानात 1932 साली सरकारी बस सुरू झाली, ती रेल्वेच्याच रस्ते वाहतूक विभागाने. सुरुवात 27 गाड्यांनी. तिकडे मुंबई राज्यात एसटीची पहिली बस पुणे-नगर धावली ती 1 जून 1948 ला, म्हणजे 16 वर्षांनी. निजामाचे गोडवे गायचं काही कारण नाही. पण आगगाडी आणि बस एकाच खात्याकडे असणं ही कल्पना आज चुडाव्याच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून फार आकर्षक वाटते. आज रेल्वे दिल्लीची, बस मुंबईची, रस्ता जिल्हा परिषदेचा, आणि फाट्यावरचा निवारा आमदार फंडाचा.

मग मी शोधत बसलो, की दुसरीकडे गाव स्वतःची बस कशी ठरवतं. इंग्लंडमध्ये लंडन सोडून बाकी सगळीकडे 1986 पासून बस खुल्या बाजारावर सोडली होती. मँचेस्टरने 2023 ते 2025 या काळात ती टप्प्याटप्प्याने परत निवडून आलेल्या महापौराच्या हातात आणली. मार्ग, वेळा, तिकीट आता तिथलं प्रशासन ठरवतं. चांगलं आहे, पण मँचेस्टर श्रीमंत आहे. आपल्या उपयोगाचं उदाहरण केरळात सापडलं. 2022 च्या जुलैत तिथल्या एसटीने 'ग्रामवंडी' सुरू केली. वंडी म्हणजे गाडी. पहिली फेरी तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या कोल्लयिल पंचायतीने घेतली. गाडी, ड्रायव्हर-कंडक्टरचा पगार, दुरुस्ती एसटीची. डिझेल पंचायतीचं. आणि ज्याचं डिझेल, तो मार्ग आणि वेळ ठरवणार.

मी हिशेब केला. मावशीचं गाव ते नांदेड साधारण 25 किलोमीटर धरू. संध्याकाळची एक जाऊन-येऊन फेरी 50 किलोमीटर. बस लिटरला पाच देते असं धरलं तर 10 लिटर, 90 च्या दराने 900 रुपये. महिन्याचे 25 दिवस, 22,500. त्या रस्त्यावर सहा गावं आहेत. गावाला महिन्याला 3,750 रुपये. हा आकडा मी काकांना दाखवला. ते बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिले, मग म्हणाले, "एवढ्यात तर आमच्या सरपंचाच्या पोराच्या वाढदिवसाचे बॅनर होतात."

पैसा कुठून येईल, तर 15 व्या वित्त आयोगातून 2026 पर्यंत ग्रामपंचायतीला जे मिळायचं त्यात 60 टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेलं असायचं आणि 40 टक्के अबंधित. पगारावर खर्चता येत नाही, पण गावाच्या गरजेचं काम आराखड्यात घेता येतं. अडचण पैशापेक्षा वेगळी आहे. सहा गावांनी मिळून बोलायचं तर ते कुठे? अशा कामासाठीच पंचायत समिती आणि जिल्हा परिषद असते. मार्च 2022 मध्ये मुदत संपली आणि परभणीसह राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा प्रशासकांकडे गेल्या. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात होता. 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून बजावलं, तोवर तीन वर्षं उलटली होती. त्या तीन वर्षांत आमच्या रस्त्यावर किती पोरींची बारावी झाली असेल आणि किती एकर विकली गेली असतील, कोण मोजणार. प्रशासक चांगला असू शकतो, असतोही. पण त्याला संध्याकाळी पारावर गाठता येत नाही.

सुट्टीला गेलो तेव्हा ग्रामसेवकांना भेटलो. माणूस सरळ. हिशेबाचा कागद दोनदा वाचला.

"इंजिनिअर साहेब, कल्पना झकास आहे. पण ऑडिटवाला विचारणार, कोणत्या कामाखाली दाखवलं? डिझेल? ग्रामपंचायतीचं?"

मी मोबाइलवर घटनेची अकरावी अनुसूची काढली. 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी 29 विषय दिलेत, त्यातला 13 वा वाचून दाखवला. रस्ते, पूल, नावा, जलमार्ग आणि दळणवळणाची इतर साधनं.

त्यांनी मोबाइल हातात घेऊन स्वतः वाचलं. "नाव लिहिलीय. बस कुठंय?"

"भाऊसाहेब, 'इतर साधनं' लिहिलंय ना."

ते हसले. म्हणाले, "सहा गावचे ठराव एकाच मजकुराचे आणा. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत घेऊ. मी बीडीओ साहेबांकडे मार्गदर्शन मागवतो, लेखी."

मजकूर मी टाइप करून दिलाय. चार गावांत गेला, दोन बाकी आहेत. मावस बहीण रोज विचारते, "दादा, काय झालं?" कॉलेज सुरू झालंय आणि सध्या काका तिला आणायला फाट्यावर मोटारसायकल घेऊन थांबतात. ऊसतोड लागली की त्यांना ते जमणार नाही. प्लॉटचा इसार द्यायची तारीख दिवाळीनंतरची आहे.