करमणुकीचा हिशेब

पूर्वी मध्यमवर्गीय घरात करमणुकीचा खर्च मांडायला वही लागत नसे. महिन्यातून एखादा सिनेमा, मध्यंतरात बटाटेवडा आणि उन्हाळ्याच्या सुटीत एकदा भाड्यानं आणलेला व्हीसीआर. एका रात्रीत तीन कॅसेट संपवायच्या, शेजारपाजारच्यांनी सतरंज्या घेऊन यायचं आणि सकाळी भाडं वाटून घ्यायचं. दूरदर्शन तर फुकटच!

निदान तसं वाटत असे. ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ सुरू झाली तेव्हा तिचा भार उचलला होता दोन मिनिटांत शिजणाऱ्या मॅगीनं. शेवटी अशोककुमार येऊन चार शब्द सांगून जायचे आणि घरोघरी चर्चा व्हायची ती बडकी आणि छुटकीची. मालिका लोकांनी फुकट पाहिली, पण पुढे नूडल्सची पाकिटं पैसे मोजून घेतली. म्हणजे करमणुकीचं बिल तेव्हाही येतच होतं. फरक एवढाच, की ते किराण्याच्या यादीत लपलेलं असे.

आता ते लपत नाही. दर महिन्याला बँकेचा निरोप येतो: उद्या तुमच्या खात्यातून अमुक रुपये वळते होतील. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं अशी सूचना चोवीस तास आधी द्यावी लागते. सूचना येते, आपण ती वाचत नाही आणि पैसे जातात.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका मराठी घरात मात्र अशा सूचना एकदा नीट वाचल्या गेल्या. घरात माणसं पाच. सत्तरी ओलांडलेल्या आजी, कंपनीत हिशेब पाहणारा त्यांचा मुलगा, शाळेत शिकवणारी सून, कॉलेजच्या शेवटच्या वर्षातली नात आणि नववीतला नातू. मार्च महिना. दिवसभर कचेरीतले हिशेब जुळवून आलेल्या गृहस्थांनी घरचा हिशेबही काढला, आणि वर्षाचा आकडा निघाला दहा हजारांच्या घरात. तोही इंटरनेटचं बिल सोडून.

‘‘उद्यापासून सगळं बंद,’’ त्यांनी जाहीर केलं.

‘‘अहो, नेटफ्लिक्स नका बंद करू, माझी कोरियन मालिका अर्धी राहिली आहे,’’ सूनबाई म्हणाल्या.

‘‘बाबा, मॅचचं काय?’’ नातवाचा प्रश्न.

‘‘मला मेलीला काय कळतंय त्यातलं? पण ती जुनी नाटकं तेवढी राहू दे रे,’’ आजी म्हणाल्या.

नात काहीच बोलली नाही. तिच्या कानात इअरफोन होते. आपल्या घरात बोलणं चाललं आहे, हेच तिला ठाऊक नव्हतं. दहा हजारांपेक्षा गृहस्थांना तेच अधिक लागलं. एका छताखाली पाच माणसं, चार पडदे आणि जेवताना एकमेकांना विचारायला प्रश्न एकच: चार्जर कुठे आहे?

दुकान कसं चालतं?

हे दुकान चालतं तरी कसं, ते आधी पाहू या. नेटफ्लिक्स १९९७ मध्ये अमेरिकेत सुरू झाली ती टपालानं डीव्हीडी भाड्यानं देणारी कंपनी म्हणून. आपल्या नाक्यावरच्या कॅसेट लायब्ररीचीच ती चुलत बहीण. २००७ मध्ये तिनं इंटरनेटवरून चित्रपट दाखवायला सुरुवात केली आणि जानेवारी २०१६ मध्ये ती भारतात आली. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं, डेटाचे भाव कोसळले आणि डिसेंबरात ॲमेझॉनचं प्राइम व्हिडिओ दाखल झालं. हॉटस्टार तर २०१५ पासूनच होतं. करमणुकीचा नळ प्रत्येकाच्या खिशात आला.

गिऱ्हाइक आणायचं तर आधी त्याला चटक लावावी लागते, हे चहाच्या कंपन्यांनी शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. इथेही तेच झालं. सुरुवातीला दर कमी, जाहिरात नाही, पासवर्ड मामे-मावस भावंडांत वाटला तरी कोणी विचारणार नाही. कंपन्यांना तेव्हा नफ्यापेक्षा वर्गणीदारांची संख्या हवी होती.

एप्रिल २०२२ मध्ये हे गणित फिरलं. तीन महिन्यांत आपले दोन लाख वर्गणीदार घटल्याचं नेटफ्लिक्सनं जाहीर केलं आणि एका दिवसात तिच्या शेअरचा भाव पस्तीस टक्क्यांनी गडगडला. मग धंद्याची तऱ्हाच बदलली. त्याच वर्षी नोव्हेंबरात काही देशांत जाहिरातींसह स्वस्त योजना आली. जुलै २०२३ मध्ये भारतातही घराबाहेरच्यांना पासवर्ड देण्यावर बंदी आली. मामेभावाची सोय संपली.

इतरांनीही तोच रस्ता धरला. प्राइम व्हिडिओनं १७ जून २०२५ पासून भारतात जाहिराती दाखवायला सुरुवात केली आणि त्या नको असतील तर वर्षाला ६९९ रुपये जादा मागितले. आधी वर्गणी भरायची ती पाहण्यासाठी, मग जादा भरायचे ते विनाव्यत्यय पाहण्यासाठी!

क्रिकेटची गोष्ट तर याहून बोलकी आहे. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आयपीएलच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. त्यातले भारतातले डिजिटल हक्क घेणाऱ्या कंपनीनं २०२३ चा मोसम जिओसिनेमावर चक्क फुकट दाखवला. हॉटस्टारचे वर्गणीदार भराभर गळाले. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन्ही दुकानांचे मालक एकत्र आले, फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार उभं राहिलं आणि त्या मोसमात संपूर्ण स्पर्धेसाठी वर्गणीची अट आली. रिचार्जबरोबर ती जोडून मिळाली खरी, पण फुकटचा मांडव उठला तो उठलाच. ज्यांनी इतके कोटी मोजले, ते कोणाच्या तरी खिशातून वसूल होणारच. तो खिसा एक तर प्रेक्षकाचा, नाही तर जाहिरातदाराचा. आणि जाहिरातदाराचा खिसा भरतो तोही पुन्हा प्रेक्षकच.

पैशांखेरीज आणखी एक गोष्ट आपण भरतो, ती म्हणजे वेळ. आपली खरी स्पर्धा झोपेशी आहे, असं नेटफ्लिक्सच्या प्रमुखांनी २०१७ मध्ये हसत हसत सांगितलं होतं. एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होतो, तो उगाच नाही. ही सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते, पण तिथवर जाण्याआधीच पुढच्या भागाचं पहिलं दृश्य डोळ्यांसमोर आलेलं असतं.

लिहिणाऱ्याच्या हाती काय?

दांडिया बाजारातल्या त्या नातीचं दुसऱ्या दिवशी वडिलांशी बोलणं झालं तेव्हा तिनं एक गोष्ट सांगून टाकली. तिला नोकरी करायची नव्हती, मालिकांच्या पटकथा लिहायच्या होत्या. इअरफोन लावून ती नुसती पाहत नसे, वहीत प्रसंग मांडत असे. वडिलांनी वही उलटली. मग हिशेबनिसाला सुचणारा प्रश्न विचारला, ‘‘बाळ, लिहिणाऱ्याला यात मिळतं किती?’’

या प्रश्नाचं उत्तर शोधायला ‘स्क्विड गेम’सारखं उदाहरण नाही. दक्षिण कोरियाच्या ह्वांग डाँग-ह्युक यांनी ही कथा २००९ च्या सुमारास लिहिली. तेव्हा घरची ओढाताण इतकी होती, की एकदा त्यांना लॅपटॉप विकून लिहिणं थांबवावं लागलं. जवळजवळ दहा वर्षं कोणी निर्माता मिळेना. अखेर नेटफ्लिक्सनं पैसा लावला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये नऊ भागांची मालिका आली. चित्रीकरणाच्या ताणानं आपले सहा दात गेले, असं ह्वांग यांनी स्वतःच सांगितलं आहे.

त्यानंतर जे झालं ते जगानं पाहिलं. सुमारे २ कोटी १४ लाख डॉलर खर्चून बनलेल्या या मालिकेचं कंपनीच्या दृष्टीनं मोल जवळजवळ ९० कोटी डॉलर आहे, असे आकडे कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पण पहिल्या मोसमाच्या करारात ह्वांग यांनी मालकी हक्क देऊन टाकले होते. ठरलेली रक्कम मिळाली, यशाच्या प्रमाणात वाटा मिळाला नाही. पुढचे मोसम करताना त्यांनी ‘पहिल्या वेळी हाती फारसं काही आलं नव्हतं’ हे कारणही मोकळेपणानं सांगितलं.

यात कंपनीनं फसवलं असं म्हणता येणार नाही. दहा वर्षं कोणी उभं करत नव्हतं त्या कथेवर तिनं पैसा लावला आणि मालिका पडली असती तर तोटाही तिचाच होता. परंतु शेताचा एकरकमी सौदा झाला, की पीक सोळा आणे आलं तरी शेतकऱ्याच्या हाती ठरलेलेच पैसे पडतात. सौदा करताना ही जाणीव असली पाहिजे, इतकंच.

हीच दुखरी नस अमेरिकेतल्या लेखकांनीही दाबली. पूर्वी टीव्हीवर मालिका पुन्हा दाखवली, की लेखकाला आणि नटाला दर वेळी काही रक्कम मिळे. इंटरनेटवर ‘पुन्हा दाखवणं’ ही गोष्टच उरली नाही, मालिका कायम दुकानात मांडलेलीच असते. शिवाय ती किती जणांनी पाहिली, हा आकडाही कंपन्या उघड करत नसत. मे २०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक संपावर गेले. तो संप १४८ दिवस चालला, जुलैपासून नटही त्यात उतरले. अखेर झालेल्या करारात, भरपूर पाहिल्या गेलेल्या मालिकांच्या लेखकांना जादा मोबदला देण्याचं कलम आलं आणि प्रेक्षकांचे आकडे संघटनेला दाखवण्याचंही.

आपल्याकडे २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार जावेद अख्तर यांनी राज्यसभेत तिची बाजू हिरिरीनं मांडली होती. चित्रपटात वापरलेल्या गीत-संगीताच्या आणि लेखनाच्या स्वामित्वधनातला वाटा कर्त्याला कोणाला लिहून देता येणार नाही, असं त्या दुरुस्तीनं ठरलं. कायद्यानं हक्क दिला, पण तो पदरात पाडून घ्यायचा तर आधी तो माहीत हवा.

कपाटात काय उरलं?

आजींच्या ट्रंकेत अजून काही कॅसेट आहेत. त्यांना बुरशी लागली असेल, वाजवायला यंत्रही नसेल, पण त्या त्यांच्या आहेत. वर्गणी भरून पाहिलेल्या मालिकेचं तसं नसतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये डिस्ने प्लसवर आलेली ‘विलो’ ही मालिका पुढच्या मे महिन्यात, म्हणजे सहा महिन्यांच्या आतच, तिथून काढून टाकण्यात आली. खर्च आणि कर यांचा मेळ घालताना कंपनीला ती ठेवणं परवडेना. वर्षानुवर्षं गाजलेली ‘वेस्टवर्ल्ड’ही डिसेंबर २०२२ मध्ये अशीच आपल्या मूळ घरातून हलवली गेली. शेकडो लोकांचे कष्ट आणि दुकानदारानं फळी रिकामी केली की संपलं. आपण वर्गणी भरतो ती पाहण्याच्या परवानगीची. वस्तू घरी येत नाही.

म्हणूनच आमिर खान यांनी केलेला प्रयोग लक्षात घेण्यासारखा आहे. ‘सितारे ज़मीन पर’ जून २०२५ मध्ये चित्रपटगृहात लागला. त्यानंतर तो ओटीटी कंपनीला न विकता त्यांनी १ ऑगस्टपासून यूट्यूबवर १०० रुपये भाड्यानं उपलब्ध केला. ज्याला पाहायचा त्यानं तेवढेच पैसे द्यावेत, घरात सगळ्यांनी मिळून पाहावा. म्हणजे नाक्यावरची कॅसेट लायब्ररीच फिरून आली म्हणायची!

एका महिन्याला एक

दांडिया बाजारातल्या घरानं तोडगा काढला तो असाच जुन्या वळणाचा. एका महिन्याला एकच वर्गणी. मालिका पाहून झाली की ती बंद, मग दुसरी. वर्षाची भरली की स्वस्त पडते, हे खरं, पण न पाहिलेल्या महिन्यांचे पैसे त्यात मोजलेले असतात. आपोआप पैसे वळते करण्याची परवानगी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन काढून टाकली. आणि शनिवारी रात्री बाहेरच्या खोलीतला मोठा पडदा सगळ्यांचा, निवड पाळीपाळीनं. पहिली पाळी आजींची होती. त्यांनी ‘पंचायत’ लावायला सांगितली. फुलेरा गावच्या प्रधानबाईंचा रुबाब त्यांना फार आवडला. नातू पहिली दहा मिनिटं कुरकुरला, मग सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला.

ही युक्ती प्रत्येक घराला मानवेलच असं नाही. रात्रपाळी करणाऱ्यांच्या घरी शनिवार कसला? एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला मोबाइलवरची मालिका हाच आधार असतो, त्याच्या वर्गणीवर कोणी डोळा ठेवू नये. परंतु आपण कशासाठी आणि किती मोजतो आहोत, हे वर्षातून एकदा तरी कागदावर मांडायला हरकत नाही. अनेकांना आकड्यापेक्षा त्या यादीत सापडलेली आपली माणसं नव्यानं कळतील.

त्या नातीनं परीक्षेनंतर एका लहानशा निर्मात्यासाठी चार भागांची गोष्ट लिहायला घेतली आहे. वडिलांनी हरकत घेतली नाही. अट मात्र एक घातली आणि ती त्यांच्या पेशाला शोभेशीच आहे, ‘‘सही करण्याआधी करारातली ओळ न् ओळ वाचायची. बारीक अक्षरातली तर दोनदा.’’