कवेलू फेरायच्या आधी

४ मे, रविवार. अकोला

बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरली. मूर्तिजापूर येईतो खिडकीचा गज हाताला चटका देऊ लागला होता. मामेभाऊ दादाने फोनवर एवढंच म्हटलं होतं, "तू पॉलिटेक्निकला घरांचं मूल्यांकनच शिकवायचीस. एकदा पाहून आकडा लिहून दे." घर मामांचं, रामदासपेठेतलं. मामींखेरीज वारस चार, राहणाऱ्या मात्र एकट्या मामी, वय ८४.

प्लॉट ११० फूट लांब, ९० फूट रुंद, म्हणजे ९,९०० चौरस फूट. घर एकमजली, रस्त्याच्या अंगाला, ५८ बाय ५६. मागे विहीर, निंब, चिंच आणि नुसती मोकळी जागा. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत आम्ही अकरा भावंडं तिथे वाळवणं राखत बसायचो. एका बिल्डरने आधीच भाव सांगून ठेवला आहे. त्याच्या कागदावर घरासमोर लिहिलंय, "शून्य". पाडणारा ठेकेदार तर मजुरी मागत नाही, सागवानाचे उलट तोच पैसे द्यायला तयार आहे. यावरून तरी घर शून्याचं नाही एवढं दादाला कळायला हवं होतं. मी बोलले नाही. मोजल्याशिवाय बोलायचं नाही असं मुलांना तीस वर्षं सांगत आले.

५ मे, सोमवार

दिवसभर टेप आणि वही. ओसरीच्या तुळईवर शके १८४८ कोरलंय, म्हणजे १९२६. जोतं काळ्या दगडाचं, साडेतीन फूट उंच. भिंती भाजक्या विटांच्या, चुन्यातल्या, दोन फूट जाड. ओसरीवर इंग्रजी कवेलू, माजघर आणि देवघरावर धाबं: सागवानी कड्या, त्यावर किलचन, वर पांढरी माती.

दुपारी अडीच वाजता अंगणात सावलीतलं तापमान ४४ अंश, माजघरात ३४. पंखा बंद होता, कूलर बैठकीत. दहा अंशांचा हा फरक कुठल्या रकान्यात लिहायचा? मूल्यांकनाच्या तक्त्यात त्याला जागाच नाही. तिथे बांधकामाचं आयुष्य ठरलेलं, दरवर्षी घसारा, आणि आयुष्य सरलं की उरते दहा टक्के भंगार किंमत. हाच तक्ता मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला. आज त्याच घरात बसून तो लावताना हात थांबला.

६ मे, मंगळवार

मिस्तरी आले. वय सत्तरीपुढचं, धाब्याचं काम केलेली आता दोन-तीनच माणसं ओळखीत उरली, त्यांतले एक. हातोडीने एकेक कडी ठोकत गेले. कोरडं सागवान टणकन बोलतं, कुजलेलं भद्द करतं. जिथे शंका वाटली तिथे गिरमिटाने भोक पाडून भुसा पाहिला. चोवीस कड्यांपैकी एकवीस खणखणीत. तिघींची भिंतीत रुतलेली टोकं गेली आहेत, आणि तिघीही न्हाणीच्या भिंतीवरच्या.

"कडी खराब नाही ताई," ते म्हणाले, "भित मारून राहिली तिले. ह्या भितीले सिमिट कोनं लावलं?"

लावलं आम्हीच. १९८४ मध्ये, मामांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात. भिंतीला लोणा लागला होता, पापुद्रे गळत होते, पाहुण्यांपुढे बरं दिसेना म्हणून चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा चढवला. चुन्याची भिंत जमिनीतली ओल वर ओढते, पण तीच ओल वाऱ्यावर सोडूनही देते. वरून सिमेंट बसलं की ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही. ती आणखी वर चढते आणि थेट कड्यांच्या टोकांशी जाते. त्यात गिलावा कालवला होता मागच्या विहिरीच्या पाण्याने. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात पाणी मचूळ का लागतं हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. म्हणजे मीठ आम्ही स्वतः भिंतीत भरलं.

नैऋत्येच्या कोपऱ्यात तिरपी भेग आहे, पेन्सिल जाईल एवढी. ती काळ्या मातीची करणी: पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्याच कोपऱ्याशी पन्हाळीचं पाणी पडतं. काचेची पट्टी चिकटवून तारीख घातली. भेग हलती असेल तर काच तडकेल.

मिस्तरी जाताना म्हणाले, "मले विचारसान तं पाडू नका. पाडाले दोन दिवस लागते. असं बांधाले आता मानूस नाही."

७ मे, बुधवार

आज कागद. नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका काढली. शीट नंबर, प्लॉट नंबर बरोबर, पण सत्ताप्रकाराच्या रकान्यात नझूल, तीस वर्षांचा पट्टा. पट्टा केव्हाच सरलेला, नूतनीकरणाची नोंद नाही, वारसांची नोंदही मामांपाशीच थांबलेली.

मी बराच वेळ तो कागद हातात धरून बसले. इतके दिवस सगळे म्हणताहेत, घर शून्य, किंमत ती प्लॉटची. आणि हा कागद सांगतो की जमीन सरकारची आहे, आपली आहे ती त्यावरची इमारत! शून्य म्हणून जिची बोळवण चालली होती तीच तेवढी पूर्णपणे आपली.

नागपूर आणि अमरावती विभागांतल्या निवासी नझूल जमिनींसाठी सरकारने २०२४ मध्ये अभय योजना आणली. अर्ज केला होता का, चौघांपैकी एकालाही सांगता आलं नाही.

पुढच्या दोन खोल्यांत १९६८ पासून वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. त्या काळी वऱ्हाडात भाडेकरूला नोटीस द्यायची तर १९४९ च्या मध्य प्रांत-वऱ्हाड भाडे नियंत्रण आदेशाखाली आधी परवानगी लागे. ३१ मार्च २००० पासून राज्यभर एकच कायदा झाला. दुकानदार भला माणूस आहे, मामींची औषधं तोच आणून देतो. तरी तो कायद्याने भाडेकरू आहे आणि बिल्डरच्या कागदात त्याचं नावही नाही.

९ मे, शुक्रवार. अमरावती

काल परतले. राष्ट्रीय महामार्गावरून आले, मुद्दाम. २०२२ च्या जूनमध्ये लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला, जागतिक विक्रम झाला. मला त्याचं कौतुक आहे. पण चुना मुरायला कित्येक पावसाळे जावे लागतात, आणि त्या कामाचं मोल त्याच घड्याळावर होऊ शकत नाही.

संध्याकाळी राजकमल चौकातून खापर्डे बगीच्याकडे चालत गेले. १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे; रोजनिशी लिहिण्याची त्यांची सवय सगळ्यांना माहीत. आता बगीचा नावात आहे, जागेवर घरं आणि दुकानं.

परतताना प्रभात चौक लागला, आणि तिथे माझं मन कठोर झालं. ३० ऑक्टोबर २०२२ ला याच चौकात जुनी इमारत कोसळून पाच माणसं गेली. जुन्या घरावर जीव असणं वेगळं आणि त्याच्या छताखाली माणूस निजवणं वेगळं. महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीची संरचना तपासून दाखला घ्यायला हवा. मामांच्या घराचा तो कधीच घेतलेला नाही. रात्री दादाला फोन केला: मामींची खाट आजच न्हाणीच्या भिंतीपासून बैठकीत हलव. कारण विचारू नकोस.

१८ मे, रविवार

आकडे मांडले. दाट वस्तीबाहेरच्या निवासी प्लॉटला मूळ चटई क्षेत्र निर्देशांक १.१, म्हणजे १०,८९० चौरस फूट. घराने वापरलेत ३,२४८. मागच्या मोकळ्या जागेसाठी साडेसात हजारांहून जास्त शिल्लक राहतं. सामासिक अंतरं सोडूनही विहिरीपलीकडे तीन मजले सहज बसतात. घर पाडल्याने बिल्डरची सोय होते. चौघांना मिळणारं क्षेत्र त्याने फारसं वाढत नाही.

तीन कड्यांची टोकं कापून लोखंडी जोड, न्हाणीच्या भिंतीचा गिलावा उतरवून चुन्यात काम, पन्हाळी, उधईचा बंदोबस्त, धाब्यावर नवी माती. सगळं धरून जो खर्च येतो तो याच आकाराचं साधं नवं घर बांधण्याच्या चौथ्या हिश्शाहून कमी. आणि नवं घर दोन फुटी भिंतीचं नसणार.

शेवटी दोनच किमती लिहिल्या. जमीन: पट्ट्याचा प्रश्न सुटेपर्यंत बाजारभावाने धरू नये. घर: दुरुस्तीचा खर्च वजा करून, आज आहे तसं. तिथे शून्य लिहिलं नाही. खाली सही केली.

१ जून, रविवार. अकोला

चौघं ओसरीवर बसली. धाकट्याला पैशांची खरंच गरज आहे, मुलीचं शिक्षण चालू आहे. त्याला लोभी म्हणणं मला पटलं नाही आणि मी तसं बोलूनही दाखवलं. आवाज चढले. मामी आतून ऐकत होत्या. शेवटी बाहेर येऊन म्हणाल्या, "मी मेल्यावर काय ते करा असं मी म्हणणार नाही. आत्ताच ठरवा, पण हिनं लिहिलेलं नीट वाचा." दादाने कागद मोठ्याने वाचला. नझूलपाशी येऊन थांबला, परत वाचला.

ठरलं ते एवढंच: बिल्डरला यंदा नाही. आधी वारस नोंद आणि पट्टा. मागच्या जागेचा विचार त्यानंतर, आणि त्यातला पहिला वाटा धाकट्याचा.

काचेची पट्टी पाहिली. शाबूत आहे. अजून पाऊस पडायचाय.

८ जून, रविवार

मिस्तरींनी दोन माणसं लावून ओसरीचे कवेलू फेरले. मोडके जेमतेम साठ निघाले. पन्हाळीला नवं तोंड बसवून पाणी कोपऱ्यापासून दूर काढलं. तिन्ही कड्यांखाली टेकू लावले. मग आतून न्हाणीच्या भिंतीचं सिमेंट उतरवलं. छिन्नी लागताच पाट्याच्या पाट्या सुटून आल्या. आतली वीट काळपट, ओली होती. मामींनी तळहात टेकवला आणि बराच वेळ काढला नाही.

"थंड आहे गं," म्हणाल्या.

वाळायला सहा महिने तरी लागतील. तोवर ती तशीच उघडी ठेवायची आहे. मामींनी त्या भिंतीशी लावलेली घडवंची पुढे ओढून घेतली, मागून वारा खेळावा म्हणून.