‘आलोच’चे इंग्रजी

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. बेळगावजवळच्या आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध आजींना मध्यरात्री धाप लागली. त्यांना जीपमध्ये घेऊन आम्ही निघालो. वाटेत इस्पितळातील सिस्टरांचा फोन आला. त्या नुकत्याच केरळातून आलेल्या. मराठी त्यांना येत नव्हते. “कोठे आहात?” असे त्यांनी इंग्रजीत विचारताच माझ्या मनात ‘आलोच’ हा शब्द उमटला आणि मुखातून बाहेर पडले, “वुई केम!”

सिस्टर स्ट्रेचर घेऊन दाराशी धावल्या. तेथे कोणीच नाही! आम्ही मागील फाटकाने आलो असू, अशा समजुतीने त्या तिकडे गेल्या. इतक्यात आम्ही पुढील दाराशी पोहोचलो, तो दार निर्मनुष्य! सिस्टरांना शोधण्यात गेलेली ती चार-पाच मिनिटे मी आजींच्या श्वासागणिक मोजली. परमेश्वराच्या कृपेने आजी बऱ्या झाल्या. परंतु सेमिनरीत वर्षानुवर्षे इंग्रजी शिकलेला मी मात्र खजील झालो.

वाचकहो, चूक शब्दाची नव्हती, काळाची होती. मराठीत ‘आलोच’ हे रूप भूतकाळाचे, पण अर्थ ‘आता येतो’ असा. इंग्रजीतील साधा भूतकाळ ही सवलत देत नाही. ‘केम’ म्हणजे येऊन पोहोचलो. वाटेत असलेल्याने ‘वुई आर कमिंग’ असेच म्हटले पाहिजे.

आमच्या मुलांना मी आता तीन गोष्टी घोकून घेतो. नित्याचे कर्म साध्या वर्तमानकाळात सांगावे: ‘आय गो टु चर्च एव्हरी संडे’. तेथे ‘आय अ‍ॅम गोइंग’ नको. कर्ता ‘ही’ किंवा ‘शी’ असेल, तर ‘गो’चे ‘गोज’ होते. घडून गेलेले साध्या भूतकाळात सांगावे: ‘ही केम यस्टरडे’. मात्र नकारात ‘डिड’ आला, की भूतकाळाचा भार तोच वाहतो. म्हणून ‘डिड नॉट कम’, ‘डिड नॉट केम’ नव्हे. पुढे घडावयाचे ‘विल’ लावून सांगावे: ‘ही विल कम टुमॉरो’.

आपली मुले नोकरीसाठी दूरदेशी जातात. परक्या भाषेत त्यांचा शब्द हीच त्यांची साक्ष. केलेले, करीत असलेले आणि करावयाचे यांतील भेद त्यांनी चोख सांगावा. ‘आलोच’मधील माया मराठीतच राहू द्यावी, ती घरच्यांनाच कळते.