लेकीसाठी वाट विचारायची कुणाला?



आमच्या लातुरात मेडिकलला जायचं असेल तर वाट सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. कोणत्या विषयाला कोणते सर, कोणती टेस्ट सिरीज, नीटला किती मार्क पडले की कुठे नंबर लागतो, सगळं तोंडपाठ. ‘लातूर पॅटर्न’च्या गावात राहण्याचा हा फायदा. पण गेल्या वर्षी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असलेली माझी लेक म्हणाली, "आई, मला सॉफ्टवेअरमध्ये काम करायचंय," तेव्हा कुणाला विचारावं तेच सुचेना. आमच्या घरात कॉम्प्युटर म्हणजे एमएस-सीआयटी, आणि ते तर तिनं दहावीच्या सुट्टीतच केलं होतं.

सासूबाईंची काळजी वेगळीच. "पुण्याला जाईल, रात्री उशिरा सुटेल, सूर्यास्ताच्या आत जेवण कसं व्हायचं?" ह्यांना काळजी पैशाची.

शेवटी एका क्लासला गेलो. सहा महिन्यांचा कोर्स, नोकरीची हमी, आणि फी एवढी की माझी बँकेतली ठेव मोडावी लागली असती. खरं सांगते, मी मोडायला तयार झाले होते. लेकीनंच विचारलं, "हमी लेखी द्याल का?" समोरचे हसले आणि म्हणाले, "आधी सीट बुक करा." आम्ही उठून घरी आलो.

दिवाळीत नांदेडला माहेरी गेलो. वहिनींच्या शेजारची मुलगी विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी संस्थेत शिकली, आता पुण्यात नोकरी करते. तीही सुट्टीला आली होती. फराळाचं ताट पुढे ठेवत मी विचारलं, "सध्या कशाला स्कोप आहे गं?"

"काकू, ते दर दोन वर्षांनी बदलतं," ती म्हणाली. मग लेकीकडे वळली. "तू आजवर काय बनवलंयस?"

लेक गप्प.

त्या दुपारी तिनं जे सांगितलं ते फुकट होतं, पण आमच्यासाठी लाखमोलाचं. एकच भाषा धर, पायथॉन चालेल. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे छोटे धडे मराठीतही आहेत, तिथून सुरुवात कर. मग एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं ऐक. ती फुकट असतात, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी भरायची. आणि घरातलीच एखादी अडचण सोडवणारी वस्तू स्वतः बनव.

घरातली अडचण शोधायला लांब जावं लागलं नाही. आमचं भांड्यांचं दुकान, आणि ह्यांची उधारीची वही! लेकीनं दोन महिने खपून असा प्रोग्रॅम लिहिला, की नाव टाकलं की बाकी दिसते आणि तीन महिन्यांत ज्यानं पैसे दिले नाहीत त्याचं नाव वर येतं. पहिल्याच दिवशी हे वही घेऊन बसले आणि म्हणाले, "अगं, जमा झालेले पैसे बाकीत मिळवतंय हे!" लेक रडवेली झाली. दोन रात्री जागून तिनं चूक शोधली. त्यानंतर ह्यांनी फीचा विषय काढला नाही, रोज नवीन मागणी मात्र काढतात.

नोकरी अजून लागलेली नाही. पुण्यातली एक मुलाखत हुकली, डेटाबेसवरचे प्रश्न आले नाहीत. आता तेच शिकतेय. पण त्या मुलाखतीत तिनं उधारीच्या वहीबद्दल वीस मिनिटं न अडखळता सांगितलं, आणि निघताना ऑफिस किती वाजता सुटतं हेही विचारलं. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "डबा सोबत नेला तर पाच वाजता खाता येईल की." त्यांच्याकडून ही परवानगीच समजा.

तुमच्याही घरात हा प्रश्न असेल, तर फी भरण्याआधी तीन गोष्टी करा. तिथून शिकून गेलेल्या दोन मुलांशी स्वतः बोला. एक तास वर्गात बसून पाहा. हमी म्हणतील तर अटींसकट कागदावर मागा. आणि त्याही आधी, चार पावलं पुढे गेलेली गावातली एखादी लेक किंवा सून सुट्टीला आली असेल, तर तिला चहाला बोलवा.

आमची ठेव अजून बँकेतच आहे. लेकीला पुण्यात खोली घ्यावी लागली की मोडेन, तेव्हा जिवाला लागणार नाही.