झेल्माच्या पुढचं गाव

गाव करी ते राव न करी. लहानपणापासून कानावर असलेल्या या म्हणीवर माझा पुरता विश्वास होता. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताचा नकाशा समोर घेतल्यापासून मात्र ती मनात नीट बसत नाही, कारण तिथली गावं रावानेच वसवली.

राव म्हणजे रेल्वे कंपनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रँड ट्रंक पॅसिफिक रेल्वेने त्या सपाट गवताळ मुलखातून रूळ टाकले, ठरावीक अंतरावर स्टेशनं आखली आणि त्यांना इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने नावं दिली. फेनवुड, गुडीव्ह, हबर्ड, इटुना, जास्मिन, केलिहर. असं करत करत वॉट्रस, झीना, यंग आणि झेल्मा. झेल्मापाशी अक्षरं संपली, म्हणून पुढच्या गावापासून पुन्हा पहिलं अक्षर: ॲलन, मग ब्रॅडवेल, क्लॅव्हेट. कुणा पूर्वजाने पाणवठा पाहून इथे पाल ठोकलं, असं काही नाही. ग्रामदैवत नाही, वेस नाही. स्टेशनांमधलं अंतर साधारण आठ-दहा मैलांचं, कारण घोडागाडीत गहू भरून निघालेला शेतकरी तेवढ्या अंतरावरून त्याच दिवशी घरी परतू शकतो.

माणसंही गावात राहायला आलीच नाहीत. 1872च्या कायद्याने दहा डॉलर भरणाऱ्याला 160 एकर जमीन मिळत होती, पण अट अशी की त्या जमिनीवरच घर बांधायचं, राहायचं आणि तीन वर्षांत ठरलेली जमीन लागवडीखाली आणायची. आपल्याकडे घरं पांढरीत दाटीने आणि काळी भोवती पसरलेली. तिथे माणसं काळीतच विखुरलेली, शेजारचा दिवा अर्ध्या मैलावर. पांढरी म्हणावी अशा जागी दुकान, शाळा, चर्च, बर्फावर खेळायचा हॉल आणि रुळालगत धान्याचे एलिव्हेटर.

हे एलिव्हेटर म्हणजे लाकडी फळ्या आडव्या, एकीवर एक ठोकून उभारलेलं, सहा-सात मजली उंचीचं कोठार. गाडी थेट आतल्या काट्यावर चढायची. वजन झालं की गहू जाळीतून खालच्या खड्ड्यात पडायचा आणि पट्ट्याला लावलेल्या वाट्या तो उचलून माथ्यापर्यंत न्यायच्या. तोवर एजंट मूठभर नमुना चाळून त्यातली माती-कचरा किती, दाण्याची प्रत कोणती, हे ठरवायचा. वर्षभराच्या कष्टाचं मोल त्या चाळणीवर ठरत होतं. ज्याने आपल्या बाजार समितीत कडता कापताना पाहिला आहे, त्याला त्या शेतकऱ्याचा चेहरा वेगळा सांगायला नको.

म्हण खरी ठरली ती इथेच. सिंटालुटा नावाच्या छोट्या गावातल्या शेतकऱ्यांनी 1902 मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या स्टेशन एजंटवर खटला भरला. मालडबे एलिव्हेटरवाल्यांना आधी मिळतात आणि शेतकऱ्याला कायद्याने मिळायचे तेही मिळत नाहीत, ही तक्रार होती. शेतकरी जिंकले. 1924 मध्ये सस्कॅचेवान व्हीट पूल ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि पुढे गावोगाव तिचे स्वतःचे एलिव्हेटर झाले.

डॉक्टरचंही तसंच. पहिल्या महायुद्धाच्या काळात सार्निया नावाच्या ग्रामीण पालिकेने आपला डॉक्टर निघून जाऊ नये म्हणून लोकांच्या करातून त्याला पगार सुरू केला. तीच रीत इतर पालिकांनी उचलली. 1946 मध्ये स्विफ्ट करंट भागाने सगळ्यांसाठी उपचाराची योजना केली, 1962 मध्ये प्रांताने केली आणि पुढे अख्ख्या देशाने. डॉक्टरला धरून ठेवू पाहणाऱ्या मूठभर शेतकऱ्यांपासून इथवर! मला हे फार मोठं वाटतं. जत्रा भरवणाऱ्या गावापेक्षा, पाणवठ्यावर भांडणाऱ्या गावापेक्षा, कुणीतरी वर्णमालेतून काढलेलं हे गाव मला त्या म्हणीच्या अधिक जवळचं वाटू लागतं.

पण मग पुढचं वाचावं लागतं. व्हीट पूलचे शेअर 1996 मध्ये बाजारात आले. 2007 मध्ये ती व्हिटेरा नावाची कंपनी झाली आणि 2012 मध्ये ग्लेनकोर या स्वित्झर्लंडच्या कंपनीने ती विकत घेतली. लाकडी एलिव्हेटर पडले, रूळ उखडले गेले, गहू ट्रकने दूरच्या काँक्रीटच्या कोठारांकडे जाऊ लागला. 1993 मध्ये प्रांत कर्जात बुडालेला असताना सरकारने 52 छोटी ग्रामीण रुग्णालयं बंद केली. त्या सरकारचा पक्ष ज्यांनी ती उपचाराची योजना आणली त्यांच्याच वारशातला होता. गावाने केलेलं असं रावाच्या हाती जातं, तेव्हा कोणत्या दिवशी जातं? सभासदांनी मत दिलं त्या दिवशी, की त्याआधी कधीतरी सभेला जाणं सोडलं तेव्हा? साखर कारखान्यांची कहाणी जवळून पाहिलेल्या आपल्याला हा प्रश्न परका नाही. उत्तर मात्र आपल्याकडेही नाही.

आणि त्याच वर्णमालेच्या रुळावर पनिची नावाचं गाव आहे. जवळच गॉर्डन फर्स्ट नेशन या मूळनिवासी समाजाची राखीव जमीन. 1874च्या चौथ्या तहाने क्री आणि सोतो लोकांचा इथला मुलूख सरकारकडे गेला, म्हणून तर नंतर 160 एकरांचे तुकडे वाटता आले. राखीव जमिनीवरच्या शेतकऱ्याला आपलाच गहू विकायला सरकारी एजंटचा परवाना लागत होता. तिथल्या निवासी शाळेत मुलांना घरापासून तोडून ठेवत असत. ती 1996 मध्ये बंद झाली. एलिव्हेटरच्या काट्यावर ताठ मानेने गाडी चढवणाऱ्या त्या गावात ही माणसं होती का? आमच्या गावांनीही कुसाबाहेर माणसं ठेवलीच. गाव करी म्हणताना आपण कोण कोण धरतो, हे मी आजवर स्वतःला विचारलं नव्हतं. आता विचारलं आहे आणि म्हण मोडून टाकावी की जवळ ठेवावी, हे कळत नाही. सार्नियाचा तो डॉक्टर आठवला की ती मोडवत नाही.

आज त्या मुलखात गव्हाच्या जोडीला मसूर आणि वाटाणा पिकतो. सस्कॅटूनच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी मसुराच्या जातींना लेअर्ड, एस्टन अशी तिथल्या छोट्या गावांची नावं दिली. तिथला वाटाणा आपल्याकडे येतो, रगड्यात शिजतो, आणि स्वस्त आला की इथल्या हरभऱ्याचे भाव पडतात. नोव्हेंबर 2017 मध्ये भारताने वाटाण्यावर 50 टक्के आयात शुल्क लावलं. ते लावलं हे मला बरोबर वाटलं होतं, आजही वाटतं. झेल्माच्या आसपास वाटाणा पिकवणाऱ्या घरांना त्याची मोठी झळ बसली, हेही तितकंच खरं. तिकडचा शेतकरी आणि लातूरचा शेतकरी, दोघांच्याही पिकाचा भाव त्या दिवशी दिल्लीत ठरला.